कौसर लाइट हौस

शेलूबाजारात समुद्र नाही. समुद्र सोडाच, उन्हाळा लागला की गावच्या नाल्यात म्हशीला बसण्यापुरतंही पाणी उरत नाही. तरी संध्याकाळी येणाऱ्या जीपमधला माणूस ड्रायव्हरच्या खांद्याला बोट लावून म्हणतो, "लाइटहौसवर घेजो रे बाजूले," आणि ड्रायव्हर मुकाट्याने घेतो.

जितकी तोंडं तितके उच्चार. पोहरादेवीकडचा ड्रायव्हर मदनसिंग जीप थांबायच्या आधीच एका दमात ओरडतो, "लायटोस लायटोस लायटोस, चाला उतरा, झोपले काय सारे?" बदली होऊन आलेल्या एका गुरुजींनी पहिल्या दिवशी तोंड गोल करून अगदी पुस्तकातलं 'लाइट हाऊस' म्हटलं, तर जीपमधली सगळी डोकी मागे वळली, की हा पाहुणा कोणाच्या घरचा. आणि मळेवाली हौसाबाई, जी रोज मंगरूळला भाजी विकून रिकाम्या टोपल्यांसकट परत येते, ती म्हणते, "मले लाइट हौसावर उतरव." तिचं म्हणणं असं की पाटीवर तिचंच नाव आहे. "हौ आन् स. बाकी मले काही वाचता येत नाही, पन तेवढं येते. माह्यं नाव लिहिलं, अन् मले इचारलंबी नाही."

चूक पेंटर बाबूलालची. ती होताना दुकानवाल्या फय्याजभाईंच्या बायकोने, लतीफाबीने, डोळ्यांनी पाहिली होती. दुकान नवं होतं, लेक कौसर तिच्या कडेवर होती, आणि बाबूलाल स्टुलावर उभा राहून 'कौसर लाइट' एवढं झोकात लिहून थांबला होता. पुढे पत्राच संपत आला होता. 'हाऊस' मावेना. त्याने ब्रश कानामागे खोवला, विचार केला आणि 'हौस' लिहून मोकळा झाला. फय्याजभाई म्हणाले, "बाबूलाल, हे काय लिहिलं?" बाबूलाल म्हणाला, "भाई, वाचतानी तेच होते." मग चित्र. लाइट हाऊस म्हणजे उंच असते आणि वर दिवा असतो, एवढं फय्याजभाईंनी सांगितलं होतं. बाबूलालने गावात उंच असं एकच पाहिलं होतं. त्याने पाण्याची टाकी काढली, बाजूच्या शिडीसकट, आणि टाकीच्या डोक्यातून पिवळे किरण सोडले. ती टाकी अजून पाटीवर आहे. किरण तेवढे उन्हाने उडाले.

दुकान म्हणजे लग्नाच्या लाइटिंगचं. तोरणं, हॅलोजन, जनरेटर, वरातीत डोक्यावर धरायच्या बत्त्या. अनसिंगचं लग्न असो, पोहरादेवीची यात्रा असो, आधी टेम्पो निघे आणि वर वायरींच्या वेटोळ्यांवर फय्याजभाई बसलेले असत. कौसर जन्मली त्या दिवशीही ते अनसिंगलाच होते, दुसऱ्याच्या हाताखाली, एका वरातीत बत्त्या सांभाळत. निरोप पोचला, पण नवरदेव अजून मारुतीच्या पारावर होता आणि अंधारात वरात कोण सोडणार. घरी आले तेव्हा पोरगी डोळे उघडून बघत होती. लतीफाबी काही बोलली नाही. फय्याजभाईच बोलले, "आपलं दुकान काढलं का नाव हिचंच देतो." दिलंही. तेव्हापासून त्यांना कौसर दोन. एक पोटची, एक पत्र्याची. आणि पत्र्याचीच जास्त रडकी निघाली. सदान्‌कदा कुठेतरी तार तुटलेली.

पाटीच्या वर लोखंडी पाइप आणि त्याच्या टोकाला डालड्याच्या डब्याच्या टोपीखाली एक पिवळा बल्ब. तो लावला होता दुकान दिसावं म्हणून. पण त्या वळणावर तेव्हा दुसरा उजेड नव्हता. जीपवाले तो बघून थांबू लागले, उतरणारे तो बघून उठू लागले. मग लोक वस्तू ठेवू लागले. कोणाची चाबी, कोणाच्या सासूचं औषध, मुलीचा राहिलेला डबा. "लाइटहौसवर ठेवून दे, मी घेईन." शेवटची जीप येईपर्यंत फय्याजभाई स्टुलावर बसून राहत. ज्याला न्यायला कोणी आलं नसेल त्याला बसवत. शेवटची जीप कधीकधी इतकी उशिरा येई की तिच्यातून उतरणाऱ्यालाच लाज वाटे.

घर मागच्या गल्लीत, चार हाकांवर. लतीफाबीने दिवस बुडून मगरिबची अजान झाली की ताटं वाढायची, मुलीला जेवू घालायचं, मग स्वतः जेवायचं आणि एक ताट झाकून ठेवायचं. सुरुवातीला ती थांबायची. मग भूक थांबेना म्हणून जेवायला लागली. मग सवय झाली. हौसाबाई एकदा अंगणात टोपली टेकवून म्हणाली होती, "भाभी, साऱ्या मुलखात तुह्या नवऱ्याचा उजेड, अन् तुह्या सैपाकघरात पाह्यलं त चाळीसचा बल्ब. याले म्हनते दिव्याखाली अंधार." लतीफाबी हसली होती. ते हसणं नंतर दिवसभर तिच्या गालात दुखत राहिलं.

आता फय्याजभाई थकले होते. गुडघे शिडी चढताना कटकट वाजत. लग्नांना आता गाड्या येतात, नुसत्या गाण्याच्याच नाही, उजेडाच्याही. भिंतीएवढा पडदा, त्यावर नवरा-नवरीची नावं नाचतात. फय्याजभाईंची तोरणं गोदामात पडून. ऑर्डर येत ती कोणाच्या तरी तेराव्याला मंडपात दोन ट्यूब लावायची. पण बल्ब रोज लागत होता, वेळेवर. बसून बसून त्यांच्या पाठीचा आकारच स्टुलासारखा झाला होता, आणि घरी पलंगावर टेकले तरी ते तसेच, उठायच्या बेतात बसत.

कौसर तिकडे रत्नागिरीच्या खाली, एका बंदरावर. तिचा नवरा अरसलान मासळीच्या बर्फाच्या कारखान्यात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरने प्रवासाला साफ नाही म्हटलं. तेव्हा माहेरालाच उठून तिकडे जावं लागणार होतं. फोनवर कौसर आधी आईशी बोलली, मग म्हणाली, "अब्बालेबी आन. एकटी नोको येऊ."

"मी आनू? तो काय पोत्यातला कांदा हाय?"

"अम्मी, आन."

लतीफाबीने त्या दिवशीच ठरवलं, की या वेळी त्यांना मुलीच्या दारात उभं करायचं. एकदा चुकलेलं दुसऱ्यांदा चुकू द्यायचं नाही. त्यांना तिने काही समजावलं नाही, फक्त सांगितलं. फय्याजभाई म्हणाले, "हो, हो, जाऊ नं." त्या 'जाऊ नं'ला ती पुरती ओळखून होती. त्याचं वय कौसरएवढंच होतं.

मग एका दुपारी कौसरने व्हिडिओ लावला. तिच्या खोलीच्या खिडकीतून खरं लाइट हाऊस दिसत होतं. पांढरं, काळे पट्टे, खाली खडक, पाणी. फय्याजभाईंनी चश्मा पुसला आणि फोन नाकाला लावला.

"हे होय? बाबूलालनं टाकी काढली ते काही फार चुकलं नाही म्हना."

"रात्री वरचा दिवा फिरते अब्बा. लागते, इझते, लागते, इझते."

"इझते कायले? लूज कनेक्शन असन."

पलीकडून अरसलानचं हसणं ऐकू आलं. कौसर म्हणाली, "तसंच असते ते. जहाजाईले सांगते का इथं खडक हाय, इकडे येऊ नोका, दूर राहा."

फय्याजभाईंनी फोन जरा लांब धरला. "म्हंजे थो दिवा लोकाईले हाकलते?"

"हाकलते म्हंजे, वाचवते."

"अन् मी एवढी वर्सं उतरून घेऊन राह्यलो," ते म्हणाले आणि हसता हसता खोकले. मग लतीफाबीनेच फोन घेतला. तिला एकच विचारायचं होतं. "बेटा, तो दिवेवाला कुठं राह्यते? जेवाले घरी येते का?"

"पयले त्याचं घर तथीच होतं, पायथ्याशी. बायको, लेकरं सारे. आता दिवा आपोआप लागते म्हने."

"मंग आता तो घरी जेवते?"

"असन अम्मी. आता घरीच जेवत असन."

'आपोआप' हा शब्द फय्याजभाईंच्या डोक्यात बसला. लतीफाबीला ते चेहऱ्यावरून कळलं, कारण त्या दिवशी ते झाकलेलं ताट पुरं न संपवताच वायरींच्या खोक्यात हात घालून बसले. वाशीमहून त्यांनी अंधार झाला की दिवा लावणारा सेन्सर मागवला, रस्त्याच्या दिव्यांना असतो तसा. "आता पाहाजो," ते म्हणाले. "लागला का नाही आपोआप, त आपन दोघं मोकळे." 'मोकळे' असं म्हणताना ते मोकळे दिसत नव्हते, पण लतीफाबीने पिशवी धुऊन वाळत घातली.

सेन्सर पाइपच्या वरच्या टोकाला, दिव्याच्या पाठीमागे लावायचा असतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण शिडीच्या चौथ्या पायरीवर गुडघा अडला. तो म्हणाला बस, तर त्यांनीही म्हटलं बस, आणि हात पुरला तिथे, बल्बच्या बरोबर खाली, बांधून टाकला. खाली उतरून ते बायकोशेजारी उभे राहिले. दिवस बुडाला. बल्ब लागला. बल्बचा उजेड सेन्सरवर पडला. सेन्सरला वाटलं, उजाडलं. बल्ब विझला. सेन्सरला वाटलं, अंधार झाला. लागला. विझला. लागला.

"याले काय झालं?" लतीफाबी म्हणाली.

फय्याजभाई वर बघत राहिले. "खरं लाइट हाऊस झालं," ते म्हणाले.

शिडी पुन्हा आणायला ते वळले तेवढ्यात मदनसिंगची जीप आली, वळणावर जराशी हळू झाली आणि न थांबता भुर्रकन निघून गेली. तिच्या मागच्या काचेतून कोणीतरी हात हलवून काहीतरी म्हणत होतं. हौसाबाई.

ती आली तेव्हा टोपल्या डोक्यावर, पदर खोचलेला आणि चपला हातात. पुढच्या धाब्यापासून पायी आली होती. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा त्याची वाट बघतोय. तिला अंधारात फक्त तो पिवळा ठिपका कळतो. ती स्टुलावर बसली, श्वास घेतला आणि मदनसिंगचा आवाज काढला. अगदी तोच, दमासकट. "बुढे, थो लाइट लुकलुक करून राह्यला, तथी अपघात झाला असन, पोलीस असन, मी नाही थांबत, माह्याजवळ चौदा शीट हाय." मग स्वतःच्या आवाजात, "त म्या म्हनलं अरे मुडद्या, मी पंधरावी हाय, मले त उतरव."

दोघांनाही हसू आलं असतं, पण फय्याजभाईंनी हौसाबाईच्या पायांकडे पाहिलं. ते शिडीवर चढले, एकेक पायरी, आणि सेन्सर उपटून खाली टाकला. लतीफाबी शिडी धरून उभी होती. वरूनच ते म्हणाले, "तू जा कौसरकडे. मी नाही येत. हे नाही जमत."

ती शिडी धरून तशीच राहिली. रागावली की ती मराठीतून उर्दूत जायची आणि फार थकली की काहीच बोलायची नाही. आत्ता ती म्हणाली, "ठीक है." एवढंच. ते 'ठीक है' ऐकून हौसाबाईने चपला पायात घातल्या.

"फय्याजभाऊ," ती म्हणाली, "मले एक सांग. तू हा दिवा इझवतं कायले?"

"म्हंजे?"

"सकाळी बंद करतं, सांजी लावतं. बंदच नोको करू. राहू दे तसाच, महिनाभर, दिवसा बी. लावाले मानूस पाह्यजे, लागून राह्याले कायचा पाह्यजे?"

फय्याजभाई शिडीवरून खाली आले. लतीफाबीने पाहिलं, त्यांच्या मानेवर काटा आला होता. कारण तिला माहीत होतं. बाजारातल्या माणसाने दिवसा दुकानावर दिवा लावायचा नसतो. जुनी माणसं सांगत, ज्याचा धंदा बुडाला तो व्यापारी भर दुपारी दारात दिवा लावून बसायचा, म्हणजे सगळ्यांनी समजायचं, याच्याकडे आता काही मागू नका. म्हणूनच त्याला दिवाळं म्हणतात. फय्याजभाईंनी आयुष्यात उन्हात बल्ब लागलेला दिसला की दुसऱ्याच्या दुकानाचासुद्धा धावत जाऊन बंद केला होता.

"लोकं काय म्हनतीन," ते म्हणाले.

"म्हनतीन फय्याजचं दिवाळं निंगालं," हौसाबाई म्हणाली. "निंगालंच नाही काय? गुडघे पाह्य आपले."

हौसाबाई मळ्याकडे गेली. जाताना एवढंच म्हणाली, "चाब्या-डबे पानठेल्यावर ठेव. मी रोज उतरली का पाहीन सारं."

घरी लतीफाबीने दोन ताटं वाढली, एक झाकलं. मग झाकण काढून बाजूला ठेवलं आणि उघड्या ताटासमोर बसून राहिली. फय्याजभाई शेवटच्या जीपनंतर आले. ताट बघून म्हणाले, "झाकलं काहून नाही?"

"कौसरच्या वक्ती तुमी नव्हते," ती म्हणाली. "मी काही म्हनलं नाही. आता मी म्हनून राह्यली." तिच्या आवाजात भांडण नव्हतं, भांडायला जे लागतं ते केव्हाच खर्च झालं होतं. वरण गार झालं होतं. त्यांनी तेच कालवलं आणि मान खाली घालून खाल्लं.

निघायचा दिवस बाजाराचा होता. दोघांच्या पिशव्या स्टुलाजवळ. फय्याजभाईंनी शटर ओढलं, कुलूप लावलं, मग भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, बाहेरच्या बटणाला हात घातला आणि दाबलं. उन्हात बल्ब लागला की नाही हेही नीट कळत नव्हतं. पण बाजाराला कळलं. बाजाराला असलं बरोबर कळतं.

पानठेलेवाल्याने चुना लावता लावता हात थांबवला. "फय्याजभाई, दिवाळं काढलं काय?"

लतीफाबीने पिशवीचा बंद घट्ट धरला. तिला वाटलं, आता हात परत बटणावर जाईल. फय्याजभाईंनी वर पाटीकडे पाहिलं, बाबूलालची टाकी, शिडी, वाकडा 'हौ'.

"काढलं," ते म्हणाले. "हौस फिटली. पोरीकडे जाऊन राह्यलो."

"किती दिवस?"

"तिले इचारा," ते म्हणाले आणि बायकोकडे मान केली.

वाशीमला रेल्वेत जागा मिळाली तशी फय्याजभाईंनी खिडकीला डोकं टेकवलं आणि झोपले. साधे झोपले नाहीत, ओतले गेल्यासारखे झोपले. गाडी हलली तरी जागे झाले नाहीत. चहावाला कानाशी ओरडून गेला तरी नाही. लतीफाबी समोर बसून बघत होती. या माणसाला दिवसा झोपलेलं तिने पाहिलंच नव्हतं. झोपेत त्यांचं तोंड थोडं उघडं होतं आणि ते जास्तच म्हातारे दिसत होते. तिला वाटलं, हे थकणं माझ्याइतकंच जुनं आहे, आणि मी इतकी वर्षं फक्त माझंच मोजत होते.

दिवस बुडता बुडता फोन वाजला. मदनसिंग. तो फोनवरही जीप चालवत असल्यासारखाच बोलायचा. "चाची, चाचाले सांगा, बुढी बरोबर उतरली. दिवा दिसला, फस्क्लास. पन चाची, एक गंमत. मानसं उतरून राह्यले अन् दुकानासमोर उभेच राहून राह्यले. म्या म्हनलं, दुकान बंद हाय, कायले उभे? त म्हनते, काही नाही, सवय."

"मंग गेले का घरी?"

"जातीन नं. कुठं जातीन. चाचाले देता फोन?"

लतीफाबीने समोर पाहिलं. "झोपले," ती म्हणाली. "सांगीन."

बाहेर शेतं काळी व्हायला लागली. डब्यात अंधार शिरला, पण कोणी हललं नाही, सगळे डुलक्या घेत होते. फय्याजभाईंचे डोळे मिटलेलेच होते. त्यांचा उजवा हात मात्र मांडीवरून उठला, भिंतीवर चढला, चाचपडला आणि तिथलं बटण त्याला सापडलं. डब्यात पिवळा उजेड झाला.

वरच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "ओ काका, लाइट कायले लावला? आताच डोळा लागला होता."

फय्याजभाई जागे झाले. आधी त्यांनी वरच्या माणसाकडे पाहिलं, मग भिंतीवर अजून टेकलेल्या आपल्या हाताकडे. "कोनतं स्टेशन हाय?" ते म्हणाले.

"स्टेशन नाही," लतीफाबी म्हणाली. तिने जेवणाच्या डब्याचं झाकण काढलं, पोळीत वांग्याची भाजी ठेवून त्यांच्या हातात दिली, आणि वर बघून म्हणाली, "राहू द्या भाऊ जरासक. जेवू द्या त्याईले."

तिने स्वतःसाठीही पोळी घेतली. दोघं जेवायला लागली. आत दिवा लागल्यामुळे खिडकीतून बाहेरचं आता काही दिसत नव्हतं; काचेत ती दोघंच दिसत होती.